जर्मनच्या तासाला फोन : सांगली जिल्ह्यातल्या शिक्षक प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार. सांगली

उद्या आषाढी, तरी पहिल्या बैठकीला माणसं चांगली आली. जत, विटा, तासगाव, पलूस, आष्टा, मिरज. बहुतेक जण मूळचे इंग्रजीचे शिक्षक. नोकरी सांभाळून जर्मन शिकले, ए-१ ते सी-२ या युरोपीय भाषापातळ्यांपैकी बी-१ झाले, काही बी-२ पर्यंत गेले, आणि आता शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात जर्मन शिकवताहेत. दोघं खासगी क्लास चालवतात, एक मॅडम मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शिकवतात.

जर्मनची ओढ इथं कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, आणि तेव्हापासून पालक स्वतःहून विचारायला येतात. मुलं आहेत, पुस्तकं आहेत, शिक्षकही तयार होताहेत. त्या शिक्षकांना वर्गात हाताशी काय हवं, हे मात्र कुणी विचारलेलं नाही. आपला प्रकल्प त्यासाठी आहे.

कुठली ॲप वापरता, हा प्रश्न मुद्दाम टाळला. प्रत्येकाला एकच विचारलं: तुमच्या तासातली कुठली पाच मिनिटं रोज फसतात? कागदावर लिहून घेतलं. जवळजवळ सगळ्या कागदांवर दोन गोष्टी. मुलांना ऐकलेलं जर्मन कळत नाही, आणि मुलं बोलत नाहीत.

दुसऱ्याचा हिशेब फळ्यावरच मांडला. तासिका ४० मिनिटांची, वर्गात ६० मुलं. शिक्षकांनी तोंडातून एक शब्द काढला नाही, तरी एकेका मुलाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. शिक्षक बोलणारच, हजेरी होणारच, म्हणजे दहा सेकंदही उरत नाहीत. आठवड्याला तीन तासिका धरल्या तर अख्ख्या आठवड्यात अर्धा मिनिट. एवढ्यावर कुणाला भाषा बोलता येईल?

पहिल्याचं कारण गावातच आहे. इंग्रजी मुलांच्या कानावर सतत पडतं. टीव्ही, क्रिकेटचं समालोचन, औषधाच्या दुकानातली बोलणी. जर्मन फक्त शिक्षकाच्या तोंडून. शिक्षकाचा उच्चार हीच मुलांची अख्खी जर्मनी.

म्हणून ठरलं: पूर्ण सत्रात दोनच गोष्टींवर काम. कान आणि तोंड. साधनंही त्यापुरतीच. ऐकवण्यासाठी छोट्या क्लिप, बोलण्यासाठी रेकॉर्डिंग.

१२ जुलै

एका कॉलेजची लँग्वेज लॅब पाहायला गेलो. कॉम्प्युटरवर कव्हर, हेडफोनचे गुंडाळलेले वायर, सॉफ्टवेअरची मुदत संपलेली. खोली स्वच्छ होती, रोज झाडली जाते, शिकवणं मात्र कित्येक वर्षं नाही. शिपाईमामांनी कुलूप काढून दिलं आणि विचारलं, "आता सुरू होणार का?"

हे फक्त आपल्याकडं घडलेलं नाही. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यानं परकीय भाषांसाठी पैसा मोकळा केला, आणि शाळाशाळांत टेपरेकॉर्डरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मुलं कानाला हेडफोन लावून एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकायची. पुढच्या दशकभरात त्यातल्या पुष्कळ ओस पडल्या. यंत्रं आली, पण त्या यंत्रावर कुठला धडा कसा घ्यायचा, हे शिक्षकाच्या हाती कुणी दिलं नाही. घोकंपट्टीला मुलं कंटाळली आणि टेप जुन्या झाल्या.

पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधकांनी २००६ मध्ये जी मांडणी केली, ती मला याच खोलीत नीट पटली. शिक्षकाला विषय येतो, शिकवायचं कसं ते येतं, यंत्र चालवता येतं, ही तीन ज्ञानं सुटी सुटी असून भागत नाही. ती एकमेकांत मिसळतात त्या जागेवर खरा तास उभा राहतो. अमुक उच्चार मुलांना का जमत नाही, तो कसा शिकवतात आणि त्यासाठी फोन नेमका कुठं लागतो, हे एकाच माणसाला एकाच वेळी कळायला हवं. लॅब उभारणाऱ्यांनी तिसरं विकत घेतलं. पहिली दोन शिक्षकाकडं होतीच, पण तिन्हींची गाठ कधी पडली नाही.

प्रशिक्षणाची पद्धत आपल्या बी.एड.मधलीच घ्यायची. सूक्ष्म अध्यापन सगळ्यांनी केलंय: एक कौशल्य, पाच-सात मिनिटांचा पाठ, प्रतिसाद, पुन्हा पाठ. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला ही पद्धत बसवली तेव्हा शिकाऊ शिक्षकाचा पाठ व्हिडिओवर घेऊन त्यालाच दाखवत. आपल्याकडं पद्धत आली, कॅमेरा आला नाही. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

१९ जुलै

उच्चारांचा दिवस. आजवरच्या माझ्या कामातला सगळ्यात समाधानाचा.

सुरुवात मराठी कानाला काय फुकट मिळालंय यापासून केली. जर्मनमधला 'झेड' इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अडतो. आपल्याला अडायचं कारण नाही, कारण 'चांगला' आणि 'चमचा' मधला च तोच आहे. त्साइट म्हणजे वेळ. 'चांगला' म्हणताना जीभ लागते तिथंच लावायची. तीन लिंगंही आपल्याकडं आहेतच. देअर, दी, दास पाहून हिंदीभाषक गोंधळतो, आपण तो-ती-ते घेऊनच जन्मलो. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे पाठच करावं लागतं, पण तीन का, हा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. 'कारण मी आजारी आहे' मध्ये क्रियापद शेवटी येतं, जर्मनमध्ये 'वाइल' (कारण) नंतरच्या वाक्यातही शेवटी. इंग्रजीच्या वाटेनं जर्मन शिकवलं की या तिन्ही देणग्या वाया जातात. आलेल्यांपैकी बहुतेकांची वाट इंग्रजीचीच होती, म्हणून यावर बराच वेळ दिला.

मग अडचणी. शब्दाच्या शेवटचा 'ग' जर्मनमध्ये 'क' होतो, 'ड' चा 'ट' होतो. दिवस या शब्दात लिहायचा ग, म्हणायचं 'ताक'. आपण लिहिल्याप्रमाणे वाचणारी माणसं, त्यामुळं हे मुद्दाम सांगावंच लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचं तसंच: 'श्टट' म्हणजे शहर, 'श्टाट' म्हणजे राज्य. आणि दोन टिंबांचे स्वर, म्हणजे अक्षरावर दोन टिंबं असलेले. 'शोन' म्हणजे 'आधीच', 'श्योन' म्हणजे सुंदर, आणि आमची मुलं सुंदर फुलाला हमखास 'आधीच' म्हणतात.

दोन टिंबांचा 'यू' शिकवायची रीत: जीभ 'ई' वर ठेवायची, ओठ 'ऊ' चे करायचे. ऐकायला सोपं, पण ओठ खरंच गोल झाले का हे म्हणणाऱ्याला दिसत नाही. इथं फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा समोर धरला. प्रत्येकानं स्वतःचे ओठ पाहिले. पलूसच्या मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मुलांना सांगतेय ओठ गोल करा, आणि माझेच होत नव्हते." नंतर प्रत्येकानं दहा शब्द रेकॉर्ड केले, जर्मन माणसाच्या आवाजातले तेच दहा शब्द शेजारी लावले, आणि दोन्ही पाठोपाठ ऐकले. फोर्वो या संकेतस्थळावर मूळ भाषकांनी म्हटलेले सुटे शब्द मिळतात. २००८ पासून लोक त्यात भर घालताहेत, आणि जर्मनचे भरपूर आहेत.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर बोलले ते थांबेनात.

एक सावधगिरीही नोंदवून ठेवते. फोनच्या कीबोर्डवर भाषा जर्मन करून बोललं की अक्षरं उमटतात, आणि बऱ्याच शिक्षकांना ही उच्चाराची परीक्षा वाटली. पूर्ण वाक्य बोललं तर ती नव्हे. यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, म्हणून चुकीचं 'शोन' म्हटलं तरी वाक्यात 'श्योन' उमटतं आणि मुलाला वाटतं बरोबर आलं. सुटा शब्द म्हणून पाहिला तर थोडाफार उपयोग. अखेरचा निर्णय कानानंच द्यायचा.

२६ जुलै

ॲपची यादी द्या, ही मागणी आज पुन्हा आली. दिली नाही. ज्यांनी मागितली त्यांचा मान राखून सांगते, यादी घरी गेली की फोनमध्येच राहते.

मुलांना शाळेत फोन आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून एकाच फोनवर चालणारं एक साधन दाखवलं, प्लिकर्स. प्रत्येक मुलाकडं छापील कागदी कार्ड, त्यावर चौकोनी खूण. कार्ड कुठल्या बाजूनं वर धरलं त्यावर उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणाचं काय उत्तर ते त्यांनाच दिसतं. देअर-दी-दास तपासायला हे फार उपयोगी. हात वर करा म्हटलं की मागची मुलं पुढच्यांकडं बघून हात उचलतात. इथं शेजारच्या कार्डावरून उत्तर कळत नाही, आणि चुकलेल्याची शोभाही होत नाही. कार्ड छापून पुठ्ठ्यावर चिकटवायची, एवढाच खर्च.

२ ऑगस्ट

ऐकवण्याचा धडा. जतच्या पूर्व भागात वर्गात नेट मिळत नाही, म्हणून नियम असा की क्लिप घरी उतरवून घ्यायची, वर्गात नेटवर अवलंबून राहायचं नाही. डॉइच वेल्ले या जर्मन प्रसारण संस्थेचं शिकणाऱ्यांसाठीचं साहित्य मोफत आहे, जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या सराव परीक्षांचे ऑडिओही खुले आहेत. साहित्य कमी नाही. प्रश्न ते लावायचं कसं याचा.

स्पीकर टेबलावर ठेवला की मागच्या चार बाकांना फक्त गुणगुण पोचते, आणि ती मुलं 'आम्हाला जर्मन कळत नाही' असं ठरवून बसतात. स्पीकर वर्गाच्या मधोमध, उंच स्टुलावर. एवढीशी गोष्ट, पण मागच्या बाकांसाठी तिच्यावर बरंच काही ठरतं.

ए-१ परीक्षेतल्या श्रवणाचे तीन भाग आहेत. पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात, मधला एकदाच. शिक्षकांना हे माहीत होतं, तरी वर्गात क्लिप पाच-सहा वेळा लावायची सवय होती. आता क्रम असा बसवला: आधी चित्र किंवा प्रश्न, मग एकदा सलग ऐकणं, 'कोण बोलतंय, कुठं' एवढंच विचारणं, मग दुसऱ्यांदा ऐकून तपशील. लिहिलेला मजकूर सगळ्यात शेवटी. मजकूर आधी हातात दिला की डोळे काम करतात आणि कान सुटीवर जातात.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा असल्यानं प्रत्यक्ष बैठक नाही, फोनवर बोलणं. विषय एकच, मुलांचे आवाज.

घरी केलेली व्हॉइस नोट हे या प्रकल्पाचं मुख्य साधन. वर्गातल्या त्या दहा सेकंदांना उतारा तोच. पण आवाज ही मुलाची स्वतःची गोष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना बालक मानलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. म्हणून ठरवलं:

पालकांकडून मराठीत साधं संमतिपत्र. रेकॉर्डिंग फक्त शिक्षकाच्या फोनवर पाठवायचं, वर्गाच्या ग्रुपवर कधीच नाही. सत्र संपलं की पुसून टाकायचं. उत्तम म्हणून एखाद्याचा आवाज वर्गात ऐकवायचा असेल तर त्या मुलाला विचारून.

आष्ट्याच्या सरांनी एक फार महत्त्वाचं सांगितलं. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जातो. रात्री आठला घरी येतो, मग मोठ्या भावाचा नंबर, मग बहिणीचा. मुलीला फोन मिळाला तरी सगळ्यांसमोर बोलावं लागतं. म्हणून 'आज रात्रीपर्यंत पाठवा' असा गृहपाठ द्यायचा नाही. आठवड्याची मुदत. आणि ज्यांना फोनच मिळत नाही त्यांनी मधल्या सुटीत शिक्षकाच्या फोनवर रेकॉर्ड करायचं. ही सोय नसेल तर त्या वर्गात व्हॉइस नोटचा गृहपाठच नको, हे मी ठामपणे सांगितलं.

२३ ऑगस्ट. जत

वर्गभेट. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणाबद्दल जे दाखवलं त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. व्याख्यान ऐकून, प्रात्यक्षिक पाहून शिक्षकाला गोष्ट समजते, पण ती त्याच्या रोजच्या वर्गात उतरायची तर कुणीतरी तिथं, त्याच्या वर्गात, सोबत लागतं. दोन दिवसांच्या कार्यशाळा आम्ही सगळ्यांनीच भरपूर केल्यात, चहा-बिस्किटांसकट. त्यातलं किती वर्गात गेलं ते प्रत्येकाला स्वतःचं माहीत. आपल्या प्रकल्पातला निम्म्याहून जास्त वेळ म्हणूनच वर्गभेटींना ठेवला आहे, आणि भेटीला मी एकटी जात नाही, दुसरा एखादा शिक्षक बरोबर असतो. आज तासगावच्या मॅडम होत्या.

निरीक्षणाचा नियम: एकच गोष्ट पाहायची, आणि ती ज्याचा तास आहे त्यानं ठरवायची. जतचे सर म्हणाले, "क्लिप चालू असताना मी काय करतो ते बघा."

रेल्वे स्टेशनवरची घोषणा होती, अर्ध्या मिनिटाची. स्पीकर मधोमध. क्लिप सुरू झाली, दोन वाक्यं झाली, सरांनी थांबवली आणि मराठीत सांगितलं, "गाडी उशिरा येणार आहे म्हणतेय." पुन्हा सुरू, पुन्हा थांबवली, पुन्हा मराठी. मुलं शांत, समाधानी. ऐकलं मात्र सरांनीच.

मॅडमनी वहीत फक्त एवढंच लिहिलं होतं: कुठल्या वाक्याला थांबवलं, त्यानंतर काय बोललं गेलं. चांगलं-वाईट एकही शब्द नाही. सरांनी ती वही वाचली आणि स्वतःच म्हणाले, "मी त्यांना ऐकूच दिलं नाही." पुढची तासिका दुसऱ्या तुकडीवर होती. तोच धडा, तीच क्लिप. या वेळी सरांनी हात मागं बांधून ठेवले. क्लिप सलग वाजली. संपल्यावर वर्गात शांतता पसरली, आणि मला माहीत होतं की ही शांतता शिक्षकाला किती जड जाते. सर थांबले. मग तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ग्लाइस... काहीतरी आकडा होता, सात." ग्लाइस म्हणजे फलाट. दुसरा म्हणाला, "म्युन्शन." दोन-तीन मिनिटांत मुलांनी घोषणेतलं जवळपास सगळं जोडून काढलं.

सूक्ष्म अध्यापनातला पुनर्पाठ म्हणतात तो हाच, पण सगळं खऱ्या मुलांसमोर.

३० ऑगस्ट

गणपती. बैठक नाही. पालकांची संमतिपत्रं बहुतेक शाळांत गोळा झाली.

१३ सप्टेंबर. विटा

सध्या शिक्षकांच्या डोक्यात एकच विषय, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती सक्तीची ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबरच्या निकालानंतर पहिली ते आठवीला शिकवणारे, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेले सगळे चिंतेत आहेत. आपल्यापैकी तिघं दिवसभर पुस्तक घेऊन बसतात. त्यांना पुढचे दोन महिने वर्गभेटीतून सूट दिली. ज्याची नोकरी टांगणीला आहे त्याला नवं काही शिक म्हणणं बरं नव्हे.

विट्याच्या वर्गात जे ऐकलं ते लिहून ठेवण्याजोगं आहे. या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. मॅडमनी मुलांना विचारलं, घरात कुणाला दाक्षिणात्य भाषा येते? अर्धे हात वर. काका तमिळ बोलतात, मामा मल्याळम. कुठं शिकले? दुकानात. पुस्तकातून? नाही. मग मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडं जर्मनचं दुकान नाही, म्हणून हा फोन." मुलांना मुद्दा एका क्षणात कळला. त्यानंतर सुटीत ऐकायच्या क्लिपबद्दल कुणाला समजवावं लागलं नाही. खानापूर तालुक्यातल्या माणसांनी भाषा कानानं कमावल्यात, त्या मुलांना हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ कशाला?

२० सप्टेंबर

कृत्रिम बुद्धिमत्तेचा दिवस. शिक्षकांची उत्सुकता सगळ्यात जास्त इथं, धास्तीही.

चॅटबॉटला सांगितलं: सांगलीच्या एसटी स्टँडवर दोघांचं ए-१ पातळीचं जर्मन संभाषण लिही. आलं सुंदर, पण त्यात भूतकाळाची रूपं, लांब जोडवाक्यं. ए-१ च्या शब्दसूचीत सुमारे ६५० शब्द आहेत. शिक्षकांनी लाल पेन घेऊन सूचीबाहेरचे शब्द खोडले, वाक्यं तोडली, आणि उरलेलं मोठ्यानं वाचून पाहिलं. अर्ध्या तासात प्रत्येकाकडं आपल्या गावचं एक संभाषण तयार: हळदीचा बाजार, दवाखाना, आयर्विन पूल. छापील पुस्तकात बर्लिनचा बेकरीवाला असतो, तोही हवा, पण आपल्या गावाबद्दल बोलायला मुलांची जीभ लवकर सुटते. या कामासाठी यंत्र फार मोलाचं आहे. शिक्षकाचं तासाचं काम ते मिनिटांवर आणतं, आणि गाळणी शिक्षकाच्याच हातात राहते.

मुलांची पत्रं तपासण्यासाठी मात्र जपून. यंत्र अख्खं पत्र शुद्ध करून देतं, मूल ते उतरवून काढतं, हाती काही लागत नाही. शिक्षकानं प्रत्येक पत्रात दोनच चुका खुणेनं दाखवाव्यात, दुरुस्ती मुलानं करावी. आणि मुलांची नावं, पत्ते यंत्राला कधी द्यायचे नाहीत.

मराठीतल्या 'तुम्ही'चं भाषांतर करताना यंत्र कधी अनेकांसाठीचा 'ईअर' देतं, कधी आदराचा 'झी'. मिरजेच्या मॅडमनी लगेच सांगितलं, माझ्या मुलींनी रुग्णाला 'झी'च म्हटलं पाहिजे, इथं चूक चालणार नाही.

४ ऑक्टोबर. मिरज

नर्सिंगच्या मुलींचा वर्ग. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, आणि तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. इथल्या मुली जर्मनीला जायचं म्हणतात तेव्हा ते हवेतलं स्वप्न नसतं. पण तिथं परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळी लागते, आणि रुग्णाच्या खाटेशी उभं राहून ऐकलेलं चुकलं तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आज फक्त आकडे. शिक्षक आकडे इंग्रजीतून समजावत होते: ट्वेंटी-वन, पण जर्मन उलटं, वन-अँड-ट्वेंटी. मुली गोंधळलेल्या. मी म्हटलं, मराठीत मोजा. एकवीस. आधी एक, मग वीस. बत्तीस, आधी दोन, मग तीस. जर्मन 'आइनउंटत्स्वान्त्सिश' आपल्याच क्रमानं चालतं! दहा मिनिटांत वर्गाचा सूर बदलला.

मग दोघी-दोघींची रेकॉर्डिंग. एक परिचारिका, एक रुग्ण. ताप, नाडी, गोळीची वेळ. जर्मनमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, ३८,५ असं लिहितात आणि 'कोमा' म्हणतात, तेही पक्कं करून घेतलं. दुसऱ्या जोडीनं रेकॉर्डिंग ऐकून आकडे तक्त्यात भरायचे आणि मग दोन्ही तक्ते ताडून पाहायचे. एका जोडीनं ३९ चा ९३ केला, तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. त्या मुलींना गोष्टीचं वजन कळलं होतं.

बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या लोकांची बोली पुस्तकी नसते, 'इस्ट'चं 'इश' होतं. पुढच्या महिन्यात तशा बोलीच्या क्लिप ऐकवायच्या. बोलायला शिकवायची नाही, कानाला ओळख फक्त.

१८ ऑक्टोबर

दिवाळीची सुटी. सुटीत शब्द विसरतात, ही सगळ्यांची तक्रार. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच विसरण्याचा वेग मोजून दाखवला होता, सुरुवातीला घसरण सगळ्यात जास्त. त्यावर झेबास्टियान लाइटनर या पत्रकारानं १९७० च्या दशकात पाच कप्प्यांची पेटी सुचवली: आलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा विचारला जातो, चुकलेला पहिल्या कप्प्यात परत येतो. आन्की हे ॲप याच तत्त्वाचं, अँड्रॉइड फोनवर मोफत. फोन असेल त्यांनी आन्की, नसेल त्यांनी बुटाचं खोकं आणि जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू. शिकणं दोन्हीकडं सारखंच, म्हणून शिक्षकांनी खोक्याला कमी लेखू नये असं बजावलं.

१५ नोव्हेंबर

सगळे जमले, टीईटीवाले सोडून. जुलैत रेकॉर्ड केलेले दहा शब्द आणि आजचे दहा शब्द पाठोपाठ लावले. पलूसच्या मॅडमचा 'श्योन' आता स्वच्छ आहे. दोघांचा 'यू' अजून 'ऊ' आणि 'ई'च्या मधे अडकलाय. त्यांच्यासाठी आरशाचा सराव पुढं चालू. खासगी क्लासवाल्यांपैकी एक सप्टेंबरपासून आले नाहीत. त्यांच्या दिवसाचं गणित वेगळं आहे, मला ते समजतं.

एका ज्येष्ठ सरांनी स्पष्ट विरोध नोंदवला: बारावीला ८० गुण लेखी, २० तोंडी, मी ऐकवण्यात वेळ घालवला तर लेखीचं काय? प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल द्यायची नाही. तासगावच्या मॅडमनी त्यांना वर्गाच्या वह्या दाखवल्या. ज्या धड्याच्या क्लिप मुलांनी ऐकल्या, त्या धड्यातल्या शब्दांची स्पेलिंगं कमी चुकली होती, कारण शब्द कानात बसला होता. एका वर्गावरून नियम काढता येत नाही, हे मॅडमही म्हणाल्या. पण सरांनी पुढच्या सत्रात एक तुकडी ऐकण्याच्या धड्यांसह घ्यायचं मान्य केलं, आणि वह्या स्वतः तपासणार म्हणाले. मला असा विरोधक गटात हवाच आहे.

२९ नोव्हेंबर

नगरपालिकांच्या निवडणुकीची ड्युटी. अर्धा गट प्रशिक्षणात आणि साहित्य वाटपात अडकलेला. आजची बैठक पुढं ढकलली.

१३ डिसेंबर. सांगली

सत्राची शेवटची बैठक. क्लिपचा सामायिक संग्रह गटाच्या ताब्यात दिला. मांडणी ॲपप्रमाणे नाही, अडचणीप्रमाणे केली आहे: दोन टिंबांचे स्वर, शेवटचा ग-क, आकडे, फलाट आणि वेळा, दवाखाना. प्रत्येक क्लिपबरोबर शिक्षकाची दोन ओळींची टीप, वर्गात कुठं अडलं त्याची. मुलांची रेकॉर्डिंग ठरल्याप्रमाणे पुसली, एकेकाच्या फोनवर खात्री करून.

संस्थाचालकांकडं दोन मागण्या लेखी दिल्या. प्रत्येक जर्मन वर्गाला एक चांगला स्पीकर. आणि महिन्यातून एक दिवस दुसऱ्या शाळेतला तास पाहायला जाण्यासाठी कर्तव्य रजा. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. एका संस्थेनं दोन्ही मंजूर केल्या, बाकीच्यांकडून उत्तर यायचं आहे. जानेवारीत मी स्वतः जाऊन भेटणार.

नवा गट कवठेमहांकाळ आणि पलूस भागातला. त्यांचं प्रशिक्षण जतचे सर आणि तासगावच्या मॅडम घेतील, मी फक्त वर्गभेटींना. पहिली बैठक १० जानेवारीला तासगावला. सर रेल्वेच्या घोषणेचाच धडा घेणार आहेत, आणि निरीक्षणाची वही या वेळी नव्या शिक्षकांपैकी एकाच्या हातात असेल. मॅडमनी संमतिपत्राच्या प्रती काढून आणायच्या, स्पीकर आष्ट्याचे सर आणतील.